नर्सिंग कॉलेजच्या नावाचा नोकरीवर परिणाम होतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाचे दिवस आले की विद्यार्थी आणि त्यांचे पालक साधारण हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. नर्सिंग शिकवताना आणि रुग्णालयांच्या निवड समित्यांवर बसताना जे पाहिले, त्याच्या आधारे येथे उत्तरे दिली आहेत. उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसऱ्या प्रश्नात सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॉलेजचे नाव मोठे असेल तर नोकरी नक्की मिळते का?

नक्की मिळते असे नाही, आणि नाव मोठे नसेल तर मिळत नाही असेही नाही. कॉलेजच्या नावाचा उपयोग नोकरीच्या मार्गावर अवलंबून असतो. सरकारी भरतीत त्याचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही (प्रश्न ४). मोठ्या खासगी रुग्णालयातील पहिल्या नोकरीसाठी तो बऱ्यापैकी होतो (प्रश्न ५). परदेशी जाताना नावापेक्षा कॉलेजचे कार्यालय कागदपत्रे किती तत्परतेने पाठवते याला महत्त्व येते (प्रश्न ९). त्यामुळे आधी मुलीला पुढे कोठे काम करायचे आहे याचा विचार करावा आणि मगच कॉलेजच्या नावासाठी किती पैसे मोजायचे ते ठरवावे. बहुतेक घरांत हा विचार उलट्या क्रमाने होतो आणि कर्ज डोक्यावर बसते, हे पाहून वाईट वाटते.

२. ‘नावाजलेले’ आणि ‘मान्यताप्राप्त’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

होय, आणि दुसरी गोष्ट नसेल तर पहिलीला काडीची किंमत नाही. नाव म्हणजे लोकांचे, जुन्या विद्यार्थ्यांचे आणि रुग्णालयांचे मत, तर मान्यता ही कायद्याने ठरलेली बाब आहे. महाराष्ट्रात परिचारिका म्हणून काम करण्यासाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असावी लागते, आणि ती नोंदणी मान्यताप्राप्त संस्थेतून अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरच होते. बीएस्सी नर्सिंगची पदवी राज्यात प्रामुख्याने नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. मुंबईच्या लीलाबाई ठाकरसी कॉलेज ऑफ नर्सिंगसारखे १९६४ पासून चालत आलेले आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाशी जोडलेले कॉलेज हा अपवाद आहे. एएनएम (सहायक परिचारिका प्रसविका) आणि जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसविका) या अभ्यासक्रमांच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. देशपातळीवर १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने ठरवलेले निकष लागू होतात.

३. मान्यता नेमकी कशी तपासायची? कॉलेजने तर भिंतीवर प्रमाणपत्र लावले आहे.

भिंतीवरचे प्रमाणपत्र जुन्या वर्षाचे किंवा दुसऱ्याच अभ्यासक्रमाचे असू शकते. एखाद्या संस्थेला जीएनएमची मान्यता असते आणि बीएस्सीची नसते, किंवा चाळीस जागांची मान्यता असताना साठ विद्यार्थी घेतलेले असतात. वरच्या वीस जणांचे पुढे काय होते, हे त्यांना तिसऱ्या वर्षापर्यंत कोणी सांगत नाही. म्हणून तपासणी चार गोष्टींची करावी: संस्था, अभ्यासक्रम, शैक्षणिक वर्ष आणि मंजूर जागा. भारतीय परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावर राज्यनिहाय आणि अभ्यासक्रमनिहाय याद्या असतात. विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांची यादीही पाहावी आणि दोन्ही ठिकाणी संस्थेचे नाव व पत्ता सारखाच आहे ना, याची खात्री करावी. एकाच ट्रस्टच्या मिळत्याजुळत्या नावाच्या दोन संस्था असतात, तेथे पालक हमखास फसतात.

४. सरकारी भरतीत कॉलेजच्या नावाला गुण मिळतात का?

मिळत नाहीत. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या किंवा सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदासाठी पात्रता म्हणजे मान्य पदविका किंवा पदवी आणि परिषदेची नोंदणी. त्यापुढे सगळे लेखी परीक्षेवर अवलंबून असते. त्या परीक्षेत नर्सिंगच्या विषयाबरोबर मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन यांवरही प्रश्न असतात, आणि उत्तम नर्सिंग येणाऱ्या मुली अनेकदा या चार विषयांतच मागे पडतात. राज्य सेवेत अधिपरिचारिकेचे सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. नाशिकच्या किंवा नांदेडच्या अगदी अपरिचित कॉलेजातून आलेली मुलगी आणि मुंबईच्या जुन्या संस्थेतून आलेली मुलगी यांना ते सारखेच मिळते.

एम्सच्या ‘नॉरसेट’ या परिचारिका भरतीच्या परीक्षेचेही तेच आहे. २०२० पासून ही सामाईक परीक्षा घेतली जाते. आता ती पूर्व आणि मुख्य अशा दोन टप्प्यांत होते, मुलाखत नसते, आणि क्रमांकानुसार एम्स मिळते. मात्र तेथे अर्ज करताना एक अट काटेकोरपणे पाहिली जाते: शिक्षण भारतीय परिचर्या परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतून झालेले असावे. जीएनएम झालेल्यांना त्याशिवाय किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून एखाद्या दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये तीन वर्षे राबलेल्या मुलीचा अनुभव येथे मोजलाच जात नाही. पहिली नोकरी स्वीकारताना हे कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिले आहे.

५. मग खासगी रुग्णालये तरी कॉलेज पाहतात ना? मुलाखतीत काय होते?

पाहतात, पण पालकांना वाटते त्या अर्थाने नाही. मोठ्या रुग्णालयाच्या अधिसेविकेला (मेट्रनला) आपल्याकडे आधी आलेल्या मुली आठवतात. एखाद्या कॉलेजच्या पाच-सहा मुली आल्या, रात्रपाळीत नीट टिकल्या आणि वॉर्डात विश्वासाने सोडता आल्या, की त्या कॉलेजचे अर्ज गठ्ठ्यात वरती ठेवले जातात. दुसऱ्या कॉलेजच्या मुलींना कॅथेटर घालताना निर्जंतुकीकरणाचे भान नव्हते, तर पुढच्या वर्षी त्या कॉलेजला बोलावणे येत नाही. खासगी क्षेत्रात कॉलेजचे नाव म्हणतात ते बहुतांशी हेच. ते जाहिरातीतून तयार होत नाही, वॉर्डातल्या परिसेविकांच्या (वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरच्या) तोंडून तयार होते. त्यामुळेच पुण्यात ज्या कॉलेजला मान आहे त्याचे नाव दिल्लीत कोणी ऐकलेलेही नसते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारखी, जेथे १९४६ मध्येच बीएस्सी नर्सिंग सुरू झाले, अशी देशभर ओळख असणारी नर्सिंग कॉलेजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

नावामुळे मुलाखतीचे बोलावणे येते, पुढचे मात्र मुलीच्या हातात असते. निवड समितीवर असताना आम्ही एक साधा प्रश्न हमखास विचारत असू: ५०० मिलिलिटर सलाइन आठ तासांत द्यायचे आहे, सेट २० थेंबांना एक मिलिलिटरचा आहे, तर मिनिटाला किती थेंब सोडाल? उत्तर २१ थेंब. ५०० ला २० ने गुणून ४८० मिनिटांनी भागायचे, एवढेच. बड्या संस्थेचा गणवेश घालून आलेली मुलगी येथे अडखळताना पाहिली आहे, आणि जिल्हा रुग्णालयाच्या परिचर्या शाळेतून आलेल्या मुलीने उत्तर देऊन वर ‘पेशंट हृदयविकाराचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारीन’ असे सांगितलेलेही ऐकले आहे. त्या उत्तरानंतर तिच्या कॉलेजचे नाव कोणी पुन्हा पाहिले नाही. क्रॅश कार्टमध्ये (तातडीच्या औषध-साहित्याच्या गाडीत) काय काय असते, रक्त चढवताना रुग्णाला थंडी वाजून आली तर पहिले काय करायचे, ड्युटी बदलताना हँडओव्हर कसा द्यायचा, या गोष्टी विचारल्या जातात आणि त्या वहीत लिहून येत नाहीत.

६. प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन काय पाहावे?

इमारतीपेक्षा रुग्णालय पाहावे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार बीएस्सी नर्सिंगच्या संस्थेला स्वतःचे १०० खाटांचे रुग्णालय असावे लागते आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण मिळतील इतकी प्रत्यक्ष कामाची सोय असावी लागते. कागदावर ते सगळीकडेच असते. म्हणून कामाच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, न सांगता त्या रुग्णालयात जावे. बाह्यरुग्ण विभागात रांग आहे का? वॉर्डातल्या खाटांवर रुग्ण आहेत, की नुसत्या स्वच्छ चादरी? गणवेशातले विद्यार्थी रुग्णांजवळ आहेत, की कँटीनमध्ये? प्रसूती विभागात महिन्याला किती बाळंतपणे होतात, ते तेथील सिस्टरना विचारावे. त्या बहुधा खरे सांगतात.

मग कौशल्य प्रयोगशाळा दाखवायला सांगावे. तेथील सरावाचे पुतळे अजून प्लास्टिकच्या वेष्टनात असतील, तर त्यांना कोणी हात लावलेला नाही एवढे कळते. पाठ्यनिर्देशिका (शिकवणाऱ्या ट्यूटर) किती आहेत आणि त्यांतल्या किती जणी तीन वर्षांहून अधिक काळ तेथेच आहेत, हेही विचारावे. तपासणीच्या दिवशी हजर राहणारे आणि एरवी न दिसणारे शिक्षक हा या क्षेत्राचा जुना आजार आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की रुग्णांनी भरलेल्या जिल्हा रुग्णालयाला जोडलेली साधी सरकारी परिचर्या शाळा ही रिकाम्या खाटांच्या चकचकीत खासगी कॉलेजपेक्षा दसपट चांगली. सरकारी शाळेचे शुल्क कमी, वसतिगृह जुने आणि पंखे कुरकुरणारे असतील, पण तिथली मुलगी तीन वर्षांत जे पाहते ते दुसरीकडे पाहायला मिळत नाही.

७. ‘महाराष्ट्रातील पहिली दहा नर्सिंग कॉलेजे’ अशा याद्यांवर विसंबावे का?

विसंबू नये. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत वैद्यकीय, दंतवैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्र असे गट आहेत, नर्सिंगचा स्वतंत्र गट नाही. त्यामुळे समाजमाध्यमांवर फिरणारी क्रमवारी ही सरकारी नसते आणि बहुधा प्रवेश मिळवून देणाऱ्यांनी बनवलेली असते. ‘नॅक’चे मानांकन संस्थेला मिळते आणि ‘एनएबीएच’चे रुग्णालयाला. कॉलेजच्या माहितीपत्रकात या दोन्हींची सरमिसळ असेल तर कोणते कोणाला मिळाले आहे ते विचारून घ्यावे. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायद्यात संस्थांचे मूल्यांकन व मानांकन करणाऱ्या स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. ते मानांकन विद्यार्थ्यांच्या हाती येईल तेव्हा त्याचा उपयोग होईल, तोवर प्रश्न ३ आणि ६ मधील मार्गच खात्रीचा.

८. एजंट म्हणतो, परराज्यातील कॉलेजात प्रवेश घ्या, हजेरीची सक्ती नाही, फक्त परीक्षेला जायचे. पुढे अडचण येईल का?

येईल, आणि ती बहुधा अशा वेळी येईल जेव्हा मागे फिरता येणार नाही. हजेरी न लावता परिचारिका होता येत नाही, आणि ज्या प्रमाणपत्रामागे प्रशिक्षण नाही ते घेऊन वॉर्डात उभे राहणे रुग्णाच्या जिवाशी खेळणे आहे. हे कडक शब्दांत लिहिले आहे, कारण या प्रश्नाखाली बहुतेक वेळा ‘सगळेच करतात’ असे वाक्य असते.

व्यावहारिक बाजूही पाहू. मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने नर्सिंग कॉलेजांची तपासणी केली. अनेक संस्था निकषांत बसत नसल्याचे उघड झाले, आणि २०२४ मध्ये तर तपासणी करणाऱ्यांपैकीच काहींना लाच घेतल्याच्या प्रकरणात अटक झाली. या सगळ्यात विद्यार्थ्यांच्या परीक्षा रखडल्या आणि प्रामाणिकपणे शिकणाऱ्या मुलामुलींची वर्षे वाया गेली. त्याआधी २०१७ मध्ये कर्नाटकात, मान्यतेचा अधिकार कोणाचा या वादावर उच्च न्यायालयाचा निकाल आल्यानंतर, त्या राज्यातील संस्थांची नावे भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीतून निघाली होती आणि परराज्यांतून तिकडे शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांमध्ये मोठी चिंता पसरली होती. परराज्यात शिकणे वाईट नाही. उत्तम कॉलेजे तेथेही आहेत. मात्र परत येऊन महाराष्ट्रात काम करायचे असेल तर नोंदणी येथील परिषदेकडे करावी लागते, आणि त्यासाठी तिकडच्या परिषदेकडून पडताळणी यावी लागते, हे धरूनच निर्णय घ्यावा.

९. परदेशात जायचे आहे. तेथे कॉलेजचे नाव पाहतात का?

तेथे आपल्या कॉलेजांची नावे सहसा कोणाला माहीत नसतात. तेथे तीन गोष्टी पाहतात: परिषदेची चालू नोंदणी, भाषा आणि त्यांची स्वतःची परीक्षा. ब्रिटनसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, संगणकावरील चाचणी आणि नंतर प्रत्यक्ष कौशल्यांची ‘ऑस्की’ परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेसाठी ‘एनक्लेक्स-आरएन’ ही परवान्याची परीक्षा आहे. जर्मनीत जर्मन भाषेची बी-२ पातळी आणि शिक्षणाच्या समकक्षतेची प्रक्रिया असते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केल्यापासून याबद्दलची विचारणा खूप वाढली आहे.

कॉलेजचा संबंध येतो तो कागदपत्रांपाशी. अमेरिकेसाठी सीजीएफएनएस (आताचे नाव ‘ट्रूमेरिट’) ही परदेशी परिचारिकांची कागदपत्रे तपासणारी संस्था प्रत्येक विषयाचे सैद्धान्तिक आणि प्रात्यक्षिक तास दाखवणारे पत्रक थेट कॉलेजकडून मागवते. विद्यार्थ्याने स्वतः पाठवलेले चालत नाही. आखाती देशांसाठी ‘डेटाफ्लो’ची पडताळणी होते, म्हणजे पदवी खरी आहे का हे मूळ संस्थेलाच विचारले जाते. ज्या कॉलेजचे कार्यालय ईमेलला उत्तर देत नाही, किंवा ज्याने दहा वर्षांपूर्वीच्या तासिकांच्या नोंदी जपलेल्या नाहीत, त्याच्या माजी विद्यार्थिनींचे अर्ज महिनोन्‌महिने अडकून पडतात. म्हणून परदेशी गेलेल्या एखाद्या माजी विद्यार्थिनीला गाठून ‘कॉलेजने कागद किती दिवसांत दिले?’ एवढेच विचारावे. शिक्षण चालू असतानाच प्रात्यक्षिकांची वही, प्रसूतीची केस बुक आणि अभ्यासक्रमाची प्रत स्वतःजवळ जपून ठेवावी.

१०. नावाजलेल्या संस्थेत जीएनएम करावे की साध्या कॉलेजात बीएस्सी?

पैसा आणि वेळ यांची अडचण नसेल तर मान्यताप्राप्त, भरल्या रुग्णालयाचे बीएस्सी कॉलेज निवडावे, मग त्याचे नाव फारसे माहीत नसले तरी चालेल. एक वर्ष जास्त लागते, पण पदवी पुढे एमएस्सीला, शिक्षकीला आणि परदेशी उपयोगी पडते, आणि प्रश्न ४ मधील अनुभवाची अट तिला लागत नाही. घरची परिस्थिती लवकर कमावण्याची असेल तर जीएनएममध्ये कमीपणा मुळीच नाही. पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते.

११. असे एखादे कॉलेज आहे का, जेथे प्रवेश म्हणजेच नोकरी?

सैन्यदलाच्या नर्सिंग कॉलेजांबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, मुंबईचे अश्विनी नौदल रुग्णालय आणि देशातील आणखी चार ठिकाणी मिळून २२० जागा आहेत. निवड नीटच्या गुणांच्या आधारे सुरू होते, जागा फक्त मुलींसाठी आहेत, सेवेचा करार करावा लागतो, आणि पदवीनंतर वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरणाऱ्या मुलींना लेफ्टनंट पदावर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये घेतले जाते. बारावीच्या मुलींना याची माहिती फार उशिरा मिळते. नीटचा अर्ज भरताना नर्सिंगचा विचार कोणी करत नाही आणि संधी जाते.

१२. कॉलेज ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणते, पण मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेते. हे योग्य आहे का?

मूळ प्रमाणपत्रे पडताळून परत द्यायची असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये ती अडकवून ठेवण्यास स्पष्ट मनाई केली आहे. प्लेसमेंटबद्दल विचारायचे ते असे: कोणत्या रुग्णालयात, किती पगारावर, आणि वर्षानंतर किती जणी तेथेच आहेत? बऱ्याचदा ती प्लेसमेंट ट्रस्टच्याच रुग्णालयात तुटपुंज्या पगारावर असते. पगार ठरतो तो मुख्यतः रुग्णालयाच्या आकारावरून. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली ती हीच: २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य शासनाइतके वेतन, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही किमान २०,००० रुपये. त्या शिफारशीत कॉलेजचा उल्लेख कोठेही नाही. अंमलबजावणी मात्र आजही अनेक ठिकाणी झालेली नाही, आणि त्याचा राग येतो.

१३. माझे कॉलेज साधे होते, आता चार वर्षांचा अनुभव आहे. अजूनही नाव आड येईल का?

नाही. दोन-तीन वर्षांनंतर अर्जात पहिल्यांदा पाहिला जातो तो विभाग: अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, डायलिसिस, नवजात अतिदक्षता. त्यामुळे अनुभवाच्या पत्रावर रुग्णालयाच्या खाटा, विभाग आणि तारखा लिहून घ्याव्यात. नोंदणीचे नूतनीकरण मुदतीत करावे. ते राहून गेल्याने हातची नोकरी गेलेल्या सिस्टर पाहिल्या आहेत.

१४. मुलगा नर्सिंग करतो आहे. त्याने तरी नावाजलेले कॉलेज घ्यावे का?

मुलांच्या बाबतीत नावापेक्षा जागांचा प्रश्न आहे. एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा महिलांसाठी आहेत, आणि सैन्यदलाच्या नर्सिंग कॉलेजांत मुलांना प्रवेश नाही. खासगी क्षेत्रात मात्र अतिदक्षता, अपघात विभाग, कॅथलॅब (हृदयाच्या अँजिओग्राफीचा विभाग) आणि मनोरुग्ण विभागात ब्रदरना (पुरुष परिचारकांना) चांगली मागणी असते. त्यामुळे मुलाने या विभागांत प्रत्यक्ष काम करायला मिळेल असे रुग्णालय पाहून कॉलेज निवडावे.

१५. मी शिकत असताना कॉलेजची मान्यता गेली, किंवा नंतर ते बंद पडले. माझी पदवी वाया गेली का?

आधीच नोंदणी झाली असेल तर पुढे कॉलेज बंद पडल्याने ती आपोआप रद्द होत नाही. ज्या वर्षी तुम्ही प्रवेश घेतलात त्या वर्षी संस्थेला मान्यता होती का, हा कळीचा मुद्दा असतो, म्हणून त्या वर्षाच्या यादीची प्रत जपून ठेवावी. शिक्षण अर्धवट असेल तर विद्यापीठाकडे किंवा मंडळाकडे लेखी अर्ज करून दुसऱ्या संलग्न संस्थेत सामावून घेण्याची मागणी करावी. शक्यतो वर्गातल्या सगळ्यांनी मिळून अर्ज करावा आणि पोच घ्यावी. डेटाफ्लो किंवा सीजीएफएनएसची पडताळणी बंद कॉलेजकडून होणार नसेल, तर नोंदींसाठी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे किंवा मंडळाकडे जावे लागते. त्यासाठी आपला नोंदणी क्रमांक, आसन क्रमांक आणि सर्व वर्षांच्या गुणपत्रिका हाताशी असल्या तर काम बरेच सोपे होते.